चक्राच्या दगडाचा पत्ता

श्रोतेहो, पुष्कळ जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात एक काळा, गुळगुळीत गोटा असतो. लिंबाएवढा, फार तर पेरूएवढा. रोज त्याला स्नान घालतात, गंध लावतात, तुळशीचे पान वाहतात. आमच्या घरी तो माझ्या आजोबांच्याही आधीपासून आहे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागे तेव्हा काही वर्षी बाळकृष्ण आणि काही वर्षी हा शाळिग्राम नवरदेव होई, आणि आम्हा मुलांना अंतरपाटामागच्या त्या चिमुकल्या वराचे मोठे हसू येई. आजी सांगे, 'त्याच्या पोटात चक्र आहे, हसू नका.' शाळिग्रामाला एक भोक होते. त्यातून आत पाहिले की खरोखरच दाते पडलेले, गोल वळत गेलेले चक्र दिसे. हे चक्र आत कोणी कोरले, हा प्रश्न मी आजीला विचारला होता. तिने दिलेले उत्तर श्रद्धेचे होते आणि तिच्या जागी ते योग्यच होते. मी आज तुम्हाला सांगणार आहे ती त्याच चक्राची दुसरी हकिकत.

हे शाळिग्राम नेपाळात, हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, काळी गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. मुक्तिनाथाच्या आसपासचे डोंगर काळ्या चिकणमातीच्या घट्ट झालेल्या थरांचे आहेत. ही माती समुद्राच्या तळाशी साचलेली. त्या समुद्रात अमोनाइट नावाचे प्राणी राहत. कोकणातल्या श्रोत्यांनी माकूल पाहिलेली असते. तिच्याच नातलगांतला हा प्राणी, पण अंगावर कवच घेऊन फिरणारा. कवच मेंढ्याच्या शिंगासारखे वेटोळे घातलेले असे. जुन्या इजिप्तमध्ये अमोन नावाच्या देवाला मेंढ्याची शिंगे दाखवीत, त्यावरून युरोपातल्या लोकांनी ह्या दगडाला अमोनाइट म्हटले. इंग्लंडात व्हिटबी नावाच्या गावी तर लोक ह्यांना दगड झालेले साप समजत. दगडाला डोके नाही हे पाहून तिथले कारागीर वर सापाचे डोके कोरून तो विकत! आपल्या शाळिग्रामाची कथा ह्यापेक्षा पुष्कळच सभ्य म्हटली पाहिजे.

प्राणी मेला, तळाशी पडला, त्याच्यावर बारीक गाळ बसला. मांस कुजून गेले. कवचाच्या आत आणि भोवती गाळातली खनिजे साखळली आणि मऊ मातीत एक टणक गोटा तयार झाला. पुढे समुद्राचा तळ उचलला गेला, त्याचा डोंगर झाला. पाऊस आणि नदी माती धुऊन नेतात, गोटा मागे राहतो. शाळिग्रामाचे चक्र म्हणजे त्या कवचाचा गोटा फुटून दिसणारा ठसा.

आता तुम्ही विचाराल, गंडकीला सापडतो तर आपल्या गोदेला, भीमेला का नाही? कारण सोपे आहे. आपला देश, आपला सह्याद्री, बहुतेक सारा काळ्या दगडाचा, म्हणजे थंड झालेल्या ज्वालारसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो रस थरावर थर असा पसरला. त्याच्या आत समुद्रातला प्राणी कुठून येणार? गंमत अशी की अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते साधारण त्याच सुमारास. आपला कातळ ओतला जात होता तेव्हा ही जात आपले शेवटचे दिवस मोजीत होती. आकाशातून पडलेल्या महाकाय अशनीने तिचा नाश केला हे मत आज सर्वांत बळकट आहे. आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींचा त्यात किती हात होता, ह्यावर मात्र विद्वानांचे अजून भांडण आहे. ते असो.

मी इतिहासाचा प्राध्यापक. दगडांशी माझा संबंध शिलालेखापुरता. काही वर्षांपूर्वी तंजावरला जायचा योग आला. तिथे मराठ्यांचे राज्य होते, सरस्वती महालात मोडी कागद आहेत, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी भोसल्यांचा वंशवृत्तान्त मराठीत कोरविला आहे. १८०३ सालचा तो लेख भिंतीवर वाचताना माझ्यासारख्याला घरी आल्यासारखे वाटते. तिथून तिरुचिरापल्ली. रघुजी भोसल्यांनी १७४१ साली हे ठाणे जिंकले आणि चंदासाहेबाला कैद केले, आणि त्यानंतर मुरारराव घोरपडे तिथे होते, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. ती ओळ जिथे घडली तो किल्ल्याचा खडक पाहावा एवढाच माझा हेतू होता. बरोबर आमचे एक स्नेही होते, भूगर्भशास्त्र शिकवणारे. ते म्हणाले, 'तुमचे अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचे पाहून झाले असेल तर एक दिवस माझ्यासाठी द्या. दहा कोटी वर्षांचे दाखवतो.'

तिरुचिरापल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याने आम्ही पाडालूरपर्यंत गेलो आणि तिथून पूर्वेला वळलो. उटत्तूर नावाचे गाव लागते. त्याच्या पुढे कारै. गावापर्यंत कापसाची, मक्याची शेते. काळी जमीन पाहून मला वाटले, आपण सोलापूरकडेच आहोत. आणि मग एकदम जमीन फाटते. जिकडे तिकडे घळी आणि ओघळी, मधे उघड्या टेकड्या, रंग राखी, पिवळट, कुठे तांबूस. झाड नाही की गवत नाही. पावसाने कापून काढलेली नुसती चिकणमाती. उन्हात ती भेगाळलेली असते, पाऊस पडला की चिखल होऊन पाय घोट्यापर्यंत रुततो. मातीत काचेसारखे चकचकीत तुकडे पसरलेले दिसतात. ती चिरोडी. शिंपल्यांतला चुना आणि मातीतले गंधक पाण्याच्या संगतीने एकत्र येऊन ती बनते. आणि त्या तुकड्यांच्या मधे, लक्ष देऊन पाहिले तर, गोटे.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसले नाही. स्नेही वाकून वाकून काही उचलीत होते, मी नुसताच घाम पुसत होतो. मग एकदा नजर बसली. सगळे ओबडधोबड आहे, आणि त्यात एकच गोष्ट नेमकी, सारख्या अंतरावर रेघा असलेली. उचलली. मुठीएवढ्या गोट्याच्या अंगावर शिंगासारख्या वळ्या उमटलेल्या. मी तो उलटा केला आणि आजीच्या देव्हाऱ्यातले चक्रच समोर आले म्हणा ना! आनंदाच्या भरात मी तो पंचात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. त्या दिवशी मी असे चार गोटे जमवले.

रात्री मुक्कामावर ते मोठ्या ऐटीने मी स्नेह्यांपुढे मांडले. त्यांनी त्यातला पहिला, सर्वांत देखणा, हातात घेतला, भिंगाने पाहिला आणि विचारले, 'हा कुठे मिळाला?'

'कारैला. आणखी कुठे?'

'कारैला म्हणजे कुठे? ओघळीच्या तळाशी, की भिंतीत रुतलेला होता? कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगाला? वर किती माती होती?'

मला काहीच सांगता येईना. त्यांनी गोटा खाली ठेवला आणि हसून म्हणाले, 'सर, समजा मी तुम्हाला एक शिवराई आणून दिली आणि म्हटले, महाराष्ट्रात सापडली. तुम्ही काय कराल?' श्रोतेहो, हा टोला मला बरोबर बसला. इतिहासाच्या वर्गात मी वर्षानुवर्षे मुलांना बजावत आलो आहे की तारीख आणि ठिकाण नसलेला कागद हा निम्मा कागद. आणि दहा कोटी वर्षांचा कागद माझ्या हाती आला तेव्हा मीच त्याचा पत्ता फाडून टाकला होता.

ह्या एका प्रश्नाने, म्हणजे 'कुठल्या थरातला?' ह्या प्रश्नाने, पृथ्वीच्या इतिहासाचे शास्त्र उभे केले. तो प्रश्न प्रथम नेटाने विचारणारा माणूस प्राध्यापक नव्हता, इंग्लंडातल्या एका लोहाराचा मुलगा होता. विल्यम स्मिथ त्याचे नाव, जन्म १७६९. लहानपणी वडील वारले. त्याच्या गावाकडे दूधदुभत्याचे काम करणाऱ्या बायका लोणी तोलायला शेतात सापडणारा एक गोल दगड वापरीत. तोही समुद्रातल्या एका प्राण्याचा अवशेष होता. असल्याच दुसऱ्या दगडांनी मुले गोट्या खेळत. स्मिथ पुढे जमिनीची मोजणी करणारा झाला आणि १७९३च्या सुमारास सॉमरसेट परगण्यात कोळशाची वाहतूक करण्यासाठी कालवा खणायचा होता त्या कामावर लागला. कालवा म्हणजे मैलोन्मैल उघडी पडलेली जमीन. खणलेल्या भिंतींत त्याला थर दिसू लागले आणि थरांत जीवाश्म. चुनखडीचा एक थर दुसऱ्यासारखा दिसतो, आणि चिकणमातीचे थर तर एकमेकांचे जुळे भाऊ. रंगावरून काही कळत नाही. पण स्मिथच्या ध्यानात आले की प्रत्येक थरातले अमोनाइट आणि शिंपले वेगळे असतात, आणि त्यांचा क्रम कुठेही गेले तरी तोच राहतो. चिकणमाती फसवते, आतला अमोनाइट फसवत नाही.

ह्याचा व्यवहारात उपयोग काय, असे विचाराल तर सांगतो. कोळशाच्या आशेने त्या काळी लोक जागोजाग काळ्या मातीत खोल विहिरी खणीत आणि पैसा गमावून बसत. कारण कोळशाजवळची काळी माती आणि समुद्राची काळी माती दिसायला सारखी. स्मिथ त्यातले जीवाश्म पाहून सांगे की हा थर कोळशाच्या कितीतरी वरचा आहे, इथे खणू नका. लोकांनी ऐकले असे नेहमी झाले नाही. आपल्याकडे विहिरीला पाणी कुठे लागेल हे विचारायला नारळ हातावर धरणारा आधी बोलावतात आणि शास्त्र शिकलेला मागाहून, तसेच ते.

बाथ गावच्या आसपास रिचर्डसन नावाचे एक पाद्री होते. त्यांच्याकडे जीवाश्मांचा मोठा संग्रह होता, पण सगळा नुसता मांडून ठेवलेला. स्मिथ त्यांच्या घरी गेला आणि एकेक दगड उचलून, हा अमुक थरातला, तो तमुक थरातला, असे सांगत सुटला. पाद्रीबुवा थक्क झाले. १७९९ साली टाउनसेंड नावाच्या दुसऱ्या पाद्र्यांच्या घरी स्मिथने थरांचा क्रम तोंडाने सांगितला आणि रिचर्डसन ह्यांनी लिहून घेतला. १८१५मध्ये त्याने इंग्लंडाच्या भूमीचा रंगीत नकाशा छापला. एवढे करून १८१९ साली कर्जापायी हा माणूस तुरुंगात गेला, आपला जीवाश्मांचा संग्रहही त्याला विकावा लागला. मोठ्यांच्या सभेने त्याचा मान केला तो १८३१मध्ये, म्हणजे त्याच्या वयाच्या बासष्टीच्या घरात.

आता पुन्हा आपल्या देशात, त्याच तिरुचिरापल्लीच्या मुलखात येऊ. १८४०च्या सुमारास मद्रास इलाख्यात के आणि कन्लिफ नावाचे दोन मुलकी अधिकारी होते. नोकरी सरकारी, छंद दगडांचा. पाँडिचेरीजवळ, वृद्धाचलमजवळ आणि तिरुचिरापल्लीकडे त्यांनी शेकडो जीवाश्म गोळा केले. त्यात अमोनाइटही भरपूर. पेट्या भरून त्या लंडनला गेल्या आणि तिथे एडवर्ड फोर्ब्ज नावाच्या विद्वानाने त्या उघडल्या. १८४६ साली त्याने सचित्र वर्णन छापले. दक्षिण भारतात एके काळी समुद्र होता आणि तो क्रिटेशस कल्पातला होता, हे जगाला त्याने सांगितले. युरोपातल्या अमोनाइटांशी इथले अमोनाइट जुळत होते. हा प्राणी पाण्यातून दूरदूर पसरत असे आणि त्याच्या जाती लवकर लवकर बदलत. म्हणून इंग्लंडातला आणि तमिळ देशातला थर एकाच काळचा आहे हे तो सांगू शकतो. नाण्यांवरचे राजाचे नाव जसे प्रांतोप्रांती एकच साल सांगते, तसे.

पण इथेच घोटाळा झाला. फोर्ब्जने पाँडिचेरीचे थर ह्या तिन्हींत सर्वांत जुने, कल्पाच्या पहिल्या भागातले ठरवले. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांची. फ्रान्समध्ये द'ऑर्बिनी नावाचा तेवढाच मोठा पंडित होता. त्याने म्हटले, छे, हे थर कल्पाच्या शेवटाकडचे! एक म्हणतो पहिले पान, दुसरा म्हणतो शेवटचे. दोघांपैकी कोणीही ती जमीन पाहिलेली नव्हती. पेट्यांत दगड होते. कुठला दगड कुठल्या दगडाच्या वर होता, हे पेट्या सांगत नव्हत्या. के आणि कन्लिफ ह्यांना मी नावे ठेवत नाही. उन्हातान्हात त्यांनी केले ते थोडे नव्हते. पण माझ्या पिशवीतल्या चार गोट्यांची जी गत, तीच थोड्या मोठ्या प्रमाणावर त्या पेट्यांची झाली होती.

मग जमीन पायांनी तुडवायला एक तरुण आला. हेन्री ब्लॅनफर्ड. एकविसाव्या वर्षी, १८५५ साली, तो आणि त्याचा भाऊ विल्यम कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हेन्रीने १८५७ ते १८६० ह्या काळात तिरुचिरापल्लीचा सारा मुलूख धुंडाळला. तिथले थर पूर्वेकडे हलके कललेले आहेत. त्यामुळे पश्चिमेच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकापासून पूर्वेला चालू लागले की माणूस आपोआप खालच्या थरावरून वरच्या, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे येतो. ग्रंथाची पाने उलटावीत तसे. ब्लॅनफर्डने त्याचे तीन भाग केले : सर्वांत खाली उटत्तूर, मधे तिरुचिरापल्ली, वर अरियलूर. आम्ही गेलो ती कारैची चिकणमाती पहिल्या भागातली, सुमारे ११ ते ९ कोटी वर्षांपूर्वीची. मधल्या भागात गरुडमंगलमचा शिंपल्यांनी भरलेला चुनखडक आहे. त्याला झिलई केली की संगमरवरासारखा चमकतो. वरच्या भागातल्या चुनखडीवर आज सिमेंटचे कारखाने चालतात. ब्लॅनफर्डचा वृत्तान्त १८६२ साली निघाला आणि हे तीन भाग, थोडी नावे बदलून, आजही विद्यार्थी शिकतात.

शेतकरी श्रोत्यांना ह्याच ब्लॅनफर्डची आणखी एक ओळख करून देतो. पुढे तो दगड सोडून आभाळाकडे वळला. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले त्याचा पहिला प्रमुख हाच. हिमालयात हिवाळ्यात बर्फ फार पडले की पुढचा पावसाळा ओढ घेतो, असे त्याने १८८४ साली मांडले आणि त्यावरून पावसाचा अंदाज सांगायला सुरुवात केली. आपण आकाशवाणीवर जो मोसमी पावसाचा अंदाज ऐकतो, त्याचे मूळ शोधत गेले तर ह्या अमोनाइट वेचणाऱ्याच्या दारात जाऊन पोचते.

ब्लॅनफर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी जमवलेले जीवाश्म कलकत्त्यात साठले. ते ओळखायचे काम फर्डिनांड स्टोलिच्का ह्याने केले. हा आजच्या चेक देशातला, जन्म १८३८. १८६२ साली तो कलकत्त्यात आला आणि पुढची दहाबारा वर्षे दक्षिण भारताच्या समुद्रजीवांवर लिहीत राहिला. चार जाडजूड खंड झाले, शेवटचा १८७३ साली. मी ते ग्रंथालयात पाहिले आहेत. प्रत्येक अमोनाइटचे चित्र पानभर, कवचाच्या आतल्या पडद्यांच्या नागमोडी रेघा वेगळ्या काढून दाखवलेल्या. त्या रेघा ओव्याच्या किंवा शेवंतीच्या पानाच्या कडेसारख्या दिसतात आणि त्यांवरूनच जात ओळखतात. पण माझे लक्ष चित्रांपेक्षा वर्णनाखालच्या छोट्या ओळींवर गेले. तिथे गावांची नावे आहेत. उटत्तूर, कारै, ओडियम, अरियलूर. प्रत्येक जीवाला त्याचा गाव दिलेला. आणि हे लिहिणारा माणूस १८७४ साली, छत्तिसाव्या वर्षी, यारकंदच्या मोहिमेवरून परत येताना काराकोरमच्या वाटेवर मेला. त्याची कबर लेहला आहे.

फोर्ब्ज आणि द'ऑर्बिनी ह्यांच्या वादाचे काय झाले, हे राहिलेच. त्याचा निकाल लागायला १८९०चे दशक उजाडावे लागले. डॉ. वॉर्थ नावाच्या सर्वेक्षकाने पाँडिचेरीला जाऊन प्रत्येक थरातले जीवाश्म निरनिराळे ठेवून गोळा केले. व्हिएन्नाचा फ्रान्झ कॉस्मात ह्याने त्यांचा अभ्यास १८९५ ते १८९८मध्ये छापला. पाँडिचेरीचे ते अमोनाइट कल्पाच्या शेवटाकडचे निघाले. फ्रेंच पंडित बरोबर होता. वाद पन्नास वर्षे चालला आणि मिटला तो नव्या विद्वत्तेने नव्हे, तर पिशव्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांनी. हे माझे मत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ते थोडे सौम्य करून सांगतील.

शिक्षक मित्रांपैकी कोणी मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असतील, तर आमच्या स्नेह्यांनी मला दुसऱ्या दिवशी जे शिकवले ते सांगून ठेवतो. एक तर त्यासाठी तमिळनाडूपर्यंतच जायला पाहिजे असे नाही. मध्यप्रदेशात धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे, लेण्यांसाठी प्रसिद्ध. त्या भागात नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचे थर उघडे पडले आहेत आणि त्यांत अमोनाइट आहेत. खानदेशातल्या शाळांना ते फार दूर नाही. कच्छात तर ह्यांची नुसती खाण आहे. जाण्याआधी गावच्या पंचायतीची आणि जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि जागा संरक्षित असेल तर पाहावे पण हात लावू नये. कारैपासून जवळच सातनूरला समुद्राच्या गाळात पडून दगड झालेले अठरा मीटर लांबीचे झाड आहे, त्याला कुंपण घालून जपले आहे. ते पाहून मुलांना जे कळते ते चार तासांच्या व्याख्यानात कळत नाही.

पावसाळा संपल्यावर जावे. पावसाने माती धुऊन गोटे उघडे केलेले असतात. ओघळीच्या तळाशी सापडलेला गोटा कुठून तरी वरून गडगडत आलेला असतो. तो तळाच्या थराचा साक्षीदार नव्हे. म्हणून तो पाहिल्यावर आधी उचलायचा नाही, वर पाहायचे. उताराने चढत जायचे. वर चढताना तशाच रंगाचे तुकडे दिसत राहतात आणि एका ठिकाणी दिसेनासे होतात. ज्या रेघेवर ते संपतात, त्या रेघेपाशी भिंतीत त्याचे घर असते. तिथे रुतलेला एक जरी मिळाला तरी पुरे. तो काढण्यापूर्वी फोटो घ्यायचा, आज सगळ्यांच्या खिशात फोन आहे, त्याचीच जागा फोनवर टिपायची, आणि ओळखीच्या एखाद्या थरापासून किती हात वर ते मोजायचे. मग कागदात गुंडाळून कागदावरच लिहायचे. घरी जाऊन लिहू म्हटले की संपले. जमिनीवर पडलेल्या गोट्याची चिठ्ठीही लिहावी, पण 'पडलेला' असे त्यावर प्रामाणिकपणे लिहावे. आणि एक जात एकच उचलावी. मुलांना हे शेवटचे पटवणे सर्वांत कठीण.

चिठ्ठी नसली की काय होते ह्याचे उदाहरण दूरचे नाही. २०२० साली त्याच पेरांबलूर जिल्ह्यात कुन्नम गावच्या तळ्यातून गाळ काढताना मोठमोठे गोल दगड निघाले. डायनोसॉरची अंडी सापडली म्हणून गवगवा झाला, माणसे पाहायला लोटली, चित्रे सगळीकडे गेली. जाणकार येऊन पाहतात तो ती अंडी नव्हती. समुद्राच्या गाळात अमोनाइटांच्या भोवती साखळून झालेले ते गोळे होते. अंडे नाही म्हटल्यावर लोकांची निराशा झाली असेल. मला विचाराल तर त्यात निराश होण्यासारखे काही नव्हते. गावच्या तळ्याखाली समुद्र निघाला, ह्यापेक्षा आणखी काय निघायला पाहिजे होते?

पुढच्या वर्षी मी पुन्हा कारैला गेलो. एकटाच, फक्त त्या पहिल्या गोट्याची जागा शोधायला. ती टेकडी मला पक्की आठवत होती असे वाटत होते. पण मधे दोन जोराचे पाऊस होऊन गेले होते. ओघळीची एक बाजू कोसळली होती, जिथे मी उभा होतो तिथे नवी घळ पडली होती, आणि सगळ्या टेकड्या मला सारख्याच दिसू लागल्या. दिवसभर हिंडलो. एक म्हातारे गुराखी शेळ्या घेऊन चालले होते, त्यांनी खुणेने विचारले, काय हरवले? मी हाताने गोल चक्र काढून दाखवले. त्यांनी पायाशी वाकून एक गोटा उचलला आणि माझ्या हातात ठेवला. तो फार चांगला होता. मी त्यांना तो जिथून उचलला ती जागा दाखवायला सांगितली, दोरी धरली, मोजले, लिहून घेतले. ते पाहत उभे होते, आणि बहुधा मला वेडा समजले असावेत.

ते दोन्ही गोटे आता आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. गुराख्याच्या गोट्याखाली पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी आहे. माझ्या गोट्याखालची चिठ्ठी लहान आहे. तिच्यावर लिहिले आहे : 'अमोनाइट. कारै. ओघळीच्या तळाशी पडलेला. थर नोंदवलेला नाही.' खाली माझी सही आहे.